टोपीवालं अस्वल आणि बाबांची भाजावळ

डॅलसहून व्हाइट सँड्सला निघालेल्या माणसाने वाटेत कॅपिटनला थांबलंच पाहिजे असं काही नाही. रॉसवेल मागे पडलं की परग्रहवासीयांच्या हिरव्या बाहुल्या संपतात, हायवे ३८० डोंगरात शिरतो, बिली द किडच्या लिंकन गावातून जातो आणि पुढे पंधरा-वीस मिनिटांत कॅपिटन येतं. लहानसं गाव. बहुतेक गाड्या तिथे न थांबता रुइडोसोकडे वळतात. आमच्या मंडळातली कितीतरी कुटुंबं स्प्रिंग ब्रेकमध्ये हा रस्ता करतात, पण कॅपिटनला उतरलेलं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

आम्ही उतरलो ते रेवामुळे. रेवा आठ वर्षांची आहे. तिच्या पुस्तकात कायम एक बुकमार्क असतो, शाळेत मिळालेला. त्यावर रेंजरची टोपी आणि निळी जीन्स घातलेलं, हातात फावडं धरलेलं अस्वल आहे. स्मोकी बेअर. इथे वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला तो ठाऊक असतो. या स्मोकीची समाधी न्यू मेक्सिकोत आहे हे तिने कुठेतरी वाचलं आणि मार्चमध्ये निघायच्या आधीच आमच्याकडून वचन घेतलं.

स्मोकी बेअर हिस्टॉरिकल पार्क लहान आहे. एक छोटं म्युझियम, शेजारी गावाचं जुनं रेल्वे स्टेशन, मागे न्यू मेक्सिकोतल्या निरनिराळ्या वनपट्ट्यांची झाडं लावलेली बाग, आणि त्या बागेत एका मोठ्या दगडाखाली अस्वलाची समाधी. निखिल गाडीतच बसणार होता, पण रेवाने त्यालाही ओढून नेलं. समाधीपुढे ती शाळेतल्या प्रार्थनेसारखी हात जोडून उभी राहिली. मला हसू आलं आणि थोडं भरूनही आलं.

म्युझियममधली जुनी पोस्टरं बघत मी मात्र रेवापेक्षा जास्त वेळ रेंगाळले. मी सहा वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे, तक्ते आणि भिंतीपत्रकं यांत माझा हात मुरलेला. एका चित्राने कोट्यवधी माणसांच्या मनात पाऊण शतकाहून जास्त काळ घर कसं केलं, हे मला समजून घ्यायचं होतं. तिथे जे दिसलं आणि घरी आल्यावर जे वाचलं, ते एकत्र करून सांगते.

गोष्ट युद्धाच्या दिवसांतली. फेब्रुवारी १९४२ मध्ये एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सँटा बार्बराजवळच्या तेलक्षेत्रावर तोफगोळे टाकले. जवळच मोठं जंगल होतं. शत्रू आपली जंगलं पेटवील ही भीती पसरली. जंगल विझवणारी तरुण माणसं तर युद्धावर गेलेली. मग लोकांनीच काळजी घ्यावी म्हणून वनखात्याने जाहिरातवाल्यांची मदत घेतली. सुरुवातीच्या पोस्टरांवर ज्वाळांमागे हिटलरचा आणि जपानी शत्रूचा विक्राळ चेहरा असे. तुमचा निष्काळजीपणा म्हणजे शत्रूचं शस्त्र, असा अर्थ. माणूस ते पाहून घाबरतो खरा, पण घाबरवणारं चित्र कुणी घरात लावत नाही.

डिस्नेचा ‘बॅम्बी’ चित्रपट १९४२ चा. त्यातल्या वणव्याने मुलं हेलावून गेली होती. डिस्नेने ते हरणाचं पाडस पोस्टरसाठी वापरू दिलं, पण एका वर्षापुरतंच. त्या वर्षात वनखात्याला कळलं की शत्रूच्या चेहऱ्यापेक्षा पाडसाचा चेहरा जास्त काम करतो. मुदत संपल्यावर स्वतःच्या मालकीचा प्राणी हवा होता. ऑगस्ट १९४४ मध्ये अस्वल ठरलं.

मला सगळ्यात मजेची वाटली ती चित्रकाराला दिलेली सूचना. नाक आखूड हवं, पांडासारखं. चेहरा आपलासा वाटणारा, जाणता आणि किंचित प्रश्नार्थक हवा. जमल्यास डोक्यावर टोपी. खऱ्या अस्वलाचं नाक लांब असतं आणि चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं फारसं काही कळत नाही. नाक आखूड केलं, डोळे समोर आणले, कपाळ मोठं केलं की त्या चेहऱ्यात बाळाचा चेहरा उतरतो. बाळाचा गोल चेहरा, मोठे डोळे, छोटं नाक पाहून आपल्यात आपोआप माया जागी होते, असं कॉनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच मांडलं होतं. आल्बर्ट स्टेलीने काढलेल्या पहिल्या पोस्टरमध्ये हे अस्वल शेकोटीवर बादलीने पाणी ओततं आहे. काळजी घेतली तर दहापैकी नऊ वणवे टळतील, असं खाली लिहिलं होतं. १९४७ मध्ये तो आकडा गेला आणि ते प्रसिद्ध वाक्य आलं : वणवे फक्त तूच थांबवू शकतोस. ओन्ली यू. पुढच्या पोस्टरांत स्मोकी सरळ आपल्याकडे बघतो. सैन्यभरतीच्या पोस्टरवरचा अंकल सॅम जसा बोट रोखून बघतो तसा; पण अंकल सॅमची जरब वाटते, स्मोकीपुढे लाज वाटते.

खरं अस्वल त्यानंतर आलं. मे १९५० मध्ये कॅपिटनच्या डोंगरात मोठा वणवा लागला, सुमारे १७,००० एकर जळाले. आग विझवणाऱ्यांना जळक्या झाडाला घट्ट धरून बसलेलं एक अस्वलाचं पिल्लू सापडलं, पंजे आणि मागचे पाय भाजलेलं. रे बेल नावाच्या वन्यजीव अधिकाऱ्याने त्याला विमानाने सांता फेला नेलं, उपचार केले, घरी ठेवलं. पायांना पट्ट्या बांधलेल्या त्या पिल्लाचे फोटो देशभर छापून आले. चित्रातल्या अस्वलाचं नाव या जिवंत पिल्लाला मिळालं आणि त्याची रवानगी वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात झाली. तिथे ते २६ वर्षं राहिलं. मुलांची इतकी पत्रं येत की १९६४ मध्ये पोस्टखात्याने त्याला स्वतंत्र झिप कोड दिला. १९७६ मध्ये ते गेलं तेव्हा त्याला परत कॅपिटनला आणून पुरलं. आधी चित्र जन्मलं आणि मग त्या चित्राला शोभेल असा जीव सापडला, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

रेवाने दुकानातून टोपीवाली बाहुली घेतली. मीही एक पोस्टर घेतलं.

त्या रात्री आम्ही रुइडोसोत राहिलो. गावात शिरताना काळे डोंगर दिसले. उभे जळालेले खांब, त्यांना फांद्या नाहीत. मध्येच एखाद्या घराची नुसती चिमणी आणि पायऱ्या. जून २०२४ मध्ये साउथ फोर्क नावाचा वणवा गावात उतरला होता, सगळं गाव रिकामं करावं लागलं, दोन माणसं गेली, हजाराहून जास्त घरं आणि इमारती जळाल्या किंवा खराब झाल्या. मोटेलच्या काउंटरवरच्या बाई सांगत होत्या : दुपारी निरोप आला, औषधं आणि कुत्रा घेतला, रॉसवेलच्या रस्त्याला गाड्यांची रांग. रेवाने बाहुली पोटाशी धरून त्यांना एकच प्रश्न विचारला, “हू डिड इट?” कुणी केलं? बाई म्हणाल्या, “हनी, इथे फार कोरडं आहे.” रेवाला ते उत्तर पटलं नाही. मलाही तेव्हा त्यात काही विशेष जाणवलं नाही.

एप्रिलमध्ये माझ्या भाच्याच्या मुंजीसाठी मी आणि रेवा दोन आठवडे राजापूरला, माझ्या माहेरी गेलो. बाहुली अर्थातच बरोबर होती.

कोकणातल्या वाचकांना भाजावळ सांगायला नको, पण इथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगते. भाताची रोपं, म्हणजे तरवा, जिथे पेरायचा ती जमीन पावसाआधी भाजतात. शेण, आधी तोडून वाळवलेली कवळ, पातेरा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती भुरभुरायची आणि हळू जाळायचं. तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते. बाबा ७४ वर्षांचे आहेत. दरवर्षी ते हे पहाटे करतात, समुद्राचा वारा सुटायच्या आत. आधी भोवतीचा पट्टा झाडून लख्ख करतात. बाजूला पाण्याचे हंडे, ओल्या गोणी, हिरवे टहाळे. आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावायची, म्हणजे ती सावकाश सरकते. वणव्याला त्यांच्याइतकं घाबरणारं माणूस मी पाहिलेलं नाही. शेजारच्या सड्यावरून आलेल्या वणव्यात त्यांची काजूची चाळीस झाडं गेली आहेत.

त्या दिवशी धुराच्या वासाने रेवाला जाग आली. ती अनवाणीच खळ्यातून पळत सुटली. मी पोहोचले तेव्हा ती ओरडत होती, “आजोबा, स्टॉप! तुम्ही जंगल जाळताय!” आणि हंड्यातून तांब्या भरभरून ओतत होती. बाबा आधी हसले. मग तिने बादली उचलली. अर्ध्याहून जास्त तरवा विझून चिखल झाला. महिनाभर साठवलेली कवळ ओली झाली. बाबांनी तिचा हात धरला तेव्हा ती त्यांना इंग्रजीत म्हणाली की तुम्ही वाईट माणूस आहात.

बाबांना इंग्रजी चांगलं समजतं.

ते काही बोलले नाहीत. गोणी उचलून घरात गेले. रेवा त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही, त्यांच्या शेजारी जेवायला बसली नाही. आम्हाला चौदाच दिवस मिळाले होते, त्यातले दोन असे गेले. तिसऱ्या दिवशी मुंजीच्या गडबडीत दोघं आपोआप पुन्हा एकत्र आली, पण मनातली अढी कुणी काढली नाही. निघताना बाबांनी मला एवढंच विचारलं, “तो टोपीवाला कोण गं?”

मी सांगू लागले आणि अडले. कारण बादली ओतणारी रेवा म्हणजे हुबेहूब १९४४ चं ते पहिलं पोस्टर होतं, आणि ते मी हौसेने घरी टांगलं होतं.

परत आल्यावर मी वाचायला बसले. नैर्ऋत्य अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलांत शेकडो वर्षं दर काही वर्षांनी बारक्या आगी जमिनीसरशी फिरून जात. बऱ्याचशा विजेने लागत. अमेरिकेतल्या अनेक मूळ जमाती तर ठरवून, ऋतू बघून आगी लावत. जाड सालीची मोठी झाडं वाचत, खालचा पालापाचोळा आणि दाटीवाटीची रोपं जळून जात. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवर या आगींचे व्रण आजही मोजता येतात. ॲरिझोना विद्यापीठात त्याची एक नावाजलेली प्रयोगशाळाच आहे. पुढे १९१० मध्ये उत्तरेकडे तीसेक लाख एकर जंगल दोन दिवसांत जळलं आणि वनखात्याने आगीशी वैर धरलं. १९३५ मध्ये तर नियमच झाला : कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. स्मोकी हा या धोरणाचा चेहरा. खातं आगी विझवत राहिलं आणि जंगलात दरवर्षी जळण साठत गेलं. आता आग लागली की ती जमिनीवर राहत नाही, शेंड्यांवर चढते. त्यात दुष्काळ आणि वाढतं तापमान.

रुइडोसोजवळच जून २०१२ मध्ये एक वणवा विजेने लागला. अडीचशेच्या आसपास घरं आणि इमारती गेल्या. त्या वणव्याचं नाव होतं लिटल बेअर. तिथे ‘कुणी केलं’ या प्रश्नाला उत्तर नाही. आणि २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोच्या नोंदलेल्या इतिहासातला सगळ्यात मोठा वणवा लागला, तो वनखात्याने स्वतः जळण कमी करण्यासाठी लावलेल्या आगीतून. म्हणजे उपायही सोपा नाही. आग लावायला जाणतेपण लागतं, आणि ते जाणतेपण असणाऱ्या माणसांना आपण पिढ्यान् पिढ्या गुन्हेगार ठरवलं.

याचा अर्थ स्मोकी खोटं बोलतो असा नाही. अमेरिकेतले दहापैकी आठ-नऊ वणवे माणसाच्याच हातून लागतात. नीट न विझवलेली शेकोटी, पेटता कचरा, गाडीखाली ओढली जाणारी साखळी. २००१ मध्ये वनखात्याने त्याच्या वाक्यातला ‘फॉरेस्ट फायर्स’ हा शब्द बदलून ‘वाइल्डफायर्स’ केला, त्यालाही कारण हेच : हाताबाहेरची आग वेगळी आणि ठरवून लावलेली आग वेगळी. पण शब्द बदलला तरी चित्र तेच राहिलं, आणि मुलांच्या मनात चित्रच राहतं. त्या चित्रात ज्वाळा आहेत, अस्वल आहे आणि मी आहे. वीज नाही, वारा नाही, साठलेला पाचोळा नाही, आणि टहाळा घेऊन उभा असलेला म्हातारा तर नाहीच नाही.

आपल्याकडची २०१० सालची वाघाची जाहिरात आठवते? आईची वाट पाहणारा वाघाचा बछडा, आणि १४११ हा आकडा. मी तेव्हा कॉलेजात होते. होस्टेलच्या टीव्हीवर ती लागली की आम्ही मैत्रिणी गप्प व्हायचो. त्या बछड्याने वाघाचा प्रश्न घराघरांत नेला, हे मोठंच काम झालं. पण वाघाच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांचं काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. चित्रात नव्हता, म्हणून मनातही आला नाही.

आणि मी स्वतः काय केलं होतं, तेही सांगायला हवं. पुणे जिल्ह्यातल्या डोंगरालगतच्या एका शाळेत असताना मी ‘वणवा’ विषयावर चित्रकला स्पर्धा घेतली होती. पहिलं बक्षीस मी रडणाऱ्या हरिणीच्या चित्राला दिलं. डोळे मोठे, एक थेंब गालावर, शेजारी पाडस. सगळ्या शिक्षिका हळहळल्या. सातवीतल्या एका मुलाने नुसता तपकिरी डोंगर काढला होता, त्यावर एक उघडा पट्टा आणि टहाळे घेतलेली चार माणसं. मी त्याला विचारलं, “अरे, यात प्राणी कुठे आहेत?” तो म्हणाला, “बाई, ही जाळरेषा आहे. आग इथं थांबते.” मी त्याला सहभागाचं प्रमाणपत्र दिलं. हरीण कसं वाचतं हे त्या वर्गात त्या एकाच मुलाने काढलं होतं, आणि ते मला आज, इतक्या लांब येऊन, कळतंय.

या जुलैत रुइडोसोचं नाव पुन्हा बातम्यांत आलं. जळालेल्या डोंगरात पाणी मुरत नाही. पाऊस पडला आणि नदीला पूर आला. तीन जीव गेले, त्यांतली दोन लहान मुलं. रेवाने बातमी पाहिली आणि म्हणाली, “पण आग तर लास्ट इयर होती ना?” मग बराच वेळ गप्प बसून तिने विचारलं, “मग आजोबांची आग छोटी का राहते?”

मी म्हटलं, त्यांनाच विचार.

राजापूरला सकाळ होती. व्हिडिओ कॉलवर बाबा खळ्यात बसले होते, मागे पाऊस. रेवाने विचारलं आणि बाबा खुलले. वारा कधी सुटतो, पट्टा किती हातांचा हवा, आग उलटी का लावायची. कृषी खात्याची माणसं येऊन भाजावळ सोडा, दुसरे उपाय करा असं सांगतात, कवळीसाठी झाडं फार छाटली जातात हे खरंच आहे, हेही त्यांनी सांगितलं. रेवा वहीत बाण काढून वारा दाखवत होती. मग तिने बाबांना पोस्टर दाखवलं आणि मला म्हणाली, “आई, हे आजोबांना मराठीत सांग.”

ओन्ली यू. मी पुन्हा अडले, या वेळी व्याकरणापाशी. फक्त तूच? आजोबांना अस्वल ‘तू’ म्हणेल का? रेवाला ते मुळीच पटेना. ‘तुम्हीच’ म्हटलं तर बोट समोरच्याकडेच राहतं. शेवटी बाबांनीच सुचवलं, “‘आपणच’ लिही. म्हणजे त्यात मीही आलो, तीही आली, आणि तो टोपीवालाही आला.”

रेवाने पोस्टरच्या खाली स्केचपेनने तसं लिहिलं आहे. ‘ण’ जरा वाकडा आलाय. आणि अस्वलाच्या शेजारी लुंगी नेसलेला, टहाळा धरलेला एक माणूस काढला आहे. तो बाबांसारखा अजिबात दिसत नाही, पण चष्मा बरोबर जमलाय.

व्हाइट सँड्सला जाल तेव्हा कॅपिटनला तासभर थांबा. मुलांना समाधी दाखवा, टोपी घेऊन द्या. आणि तिथून निघालात की रुइडोसोच्या डोंगरांकडेही बघायला सांगा. बाहुली पिशवीत ठेवली तरी चालेल.